मित्राचं पुढं काय झालं?

इरावती कर्व्यांचं 'युगान्त' १९६७ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून ते मराठी घरांतल्या कपाटांत टिकून आहे. त्यातलं द्रौपदीचं प्रकरण ज्यांनी वाचलंय, त्यांना त्याचा शेवट आठवत असेल. बाईंची शिस्त मोठी करडी. महाभारताच्या संशोधित आवृत्तीत जे आहे ते धरायचं, मागाहून चिकटलेलं बाजूला सारायचं, असा त्यांचा खाक्या. पण प्रकरण संपता संपता हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी कोसळते, धर्मराज मागं वळूनही न पाहता पुढं चालू लागतो, आणि इथं बाईंना राहवत नाही. त्या वाचकाला सरळ सांगून टाकतात की, इथवरचं ग्रंथातलं, यापुढचं माझ्या पदरचं. आपल्या या भरीला त्या 'नरोटी' म्हणतात. नरोटी म्हणजे खोबरं काढून घेतलेली करवंटी, टाकाऊ वस्तू. या अर्थानं हा शब्द त्यांनी एकनाथांकडून घेतलेला. आणि मग त्या टाकाऊ करवंटीत त्या काय वाढतात? भीम मागं फिरतो, पडलेल्या द्रौपदीजवळ येतो, आणि आयुष्यभर अर्जुनाकडे पाहत राहिलेल्या त्या बाईला मरताना कळतं की, खरं प्रेम आपल्यावर कुणी केलं.

व्यासांनी जी जोडी जुळवली नव्हती, ती इरावतीबाईंनी जुळवली. ग्रंथाचं एक अक्षर न बदलता, ग्रंथ जिथं थांबला तिथून पुढं.

आज कॉलेजात जाणाऱ्या मुली या उद्योगाला फॅन फिक्शन म्हणतात. दुसऱ्यानं लिहिलेली कथा, दुसऱ्यानं घडवलेली माणसं घ्यायची, आणि आपल्याला हवं ते त्यांच्या बाबतीत घडवायचं. मेलेल्याला उठवायचं, तुटलेलं जोडायचं, ज्यांची गाठ मूळ लेखकानं घातलीच नाही त्यांची घालायची. पैसे मिळत नाहीत, नाव होत नाही, बहुतेक वेळा खरं नावही घातलेलं नसतं. मराठीत याला काय म्हणावं, याचा मी बराच विचार केला. 'चाहत्यांचं कथालेखन' हा शब्द सरकारी परिपत्रकातला वाटतो. मी आपली नरोटीच म्हणते.

तसं पाहिलं तर आपलं अर्धं कपाट अशाच पुस्तकांचं आहे. खांडेकरांचा 'ययाति', शिवाजी सावंतांचा 'मृत्युंजय', रणजित देसाईंचा 'राधेय'. पण हे झाले नाववाले लेखक, यांच्या पुस्तकांना वेष्टनं आणि आवृत्त्या. खरी नरोटी लिहिली ती लिहिता न येणाऱ्या बायकांनी, पहाटेच्या जात्यावर. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांतल्या सीतेच्या ओव्या वाचल्या तर रामाची काही धडगत दिसत नाही. वाल्मीकीनं ज्याला पुरुषोत्तम म्हटलं, त्याला या बायकांनी सरळ नवरा म्हणून जाब विचारला आहे.

आणि विठ्ठल, रुक्मिणी, जनी हे त्रिकूट! पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ वेगळं, विठ्ठलाचं वेगळं, हे वास्तव. एवढ्या एका गोष्टीवर बायकांनी केवढा संसार उभा केला. रुक्मिणी रुसलीय, कारण देव रात्री जनीकडे दळू लागायला गेला. येताना आपला शेला तिथंच विसरला आणि तिची वाकळ पांघरून आला. आता घरी काय सांगायचं? ही कथा संतचरित्रांत भक्तीची म्हणून येते; ओवीत ती तीन माणसांच्या घरातली होते. देव दळतो, कांडतो, जनीची वेणी घालतो. जिच्या नवऱ्यानं जन्मात कधी पाण्याचा तांब्या उचलला नाही, त्या बाईनं आपल्या मनातला पुरुष असा रचून घेतला. शिवाय जनाबाई स्वतः देवाला विठाबाई म्हणते. बाप्याची बाई करून टाकायला तिला कुणाची परवानगी लागली नाही.

मुर्ध्यात राहायला आले तेव्हा हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. भाईंदर पश्चिमेला उतरून उत्तनच्या बसमध्ये बसलं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग लागतात. आता इमारती बऱ्याच पुढं सरकल्या आहेत, पण गावठाण अजून गावठाण आहे, आणि मिठागरांकडून येणारा वाराही तोच आहे. आमच्याकडे, म्हणजे आगरी घरांत, लग्न लावायचा खरा मान धवलारणीचा. ती धवला गाते, देवांना लग्नाचं आवतण देते, नवरा-नवरीला देवांच्या जोडीत नेऊन बसवते. माझ्या सासूबाई धवला गायच्या. आता नव्वदीला टेकल्यात, आवाज बसलाय, पण शब्द एकही विसरलेल्या नाहीत. त्यांना मी एकदा सांगितलं की, मराठीतली पहिली कवयित्री समजली जाते ती तेराव्या शतकातली महदाइसा, आणि तिच्या गाण्यांचं नावही 'धवळे'च आहे. ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लग्नाची हौस आली, तेव्हा त्या निमित्तानं तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली. सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. लग्न म्हटलं की धवला आलाच, असं त्यांचं म्हणणं.

मराठीत लिहिलेली बाईची पहिली कविता ही अशी, सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका जोडीची गोष्ट, आपल्या तोंडानं पुन्हा सांगितलेली.

बायकांनी पुरुषांच्या कथा आपल्या केल्या, तसं पुरुषांनीही बाईचा आवाज खुशाल घेतला. एकनाथ गौळण होऊन बोलतात, तुकोबा विरहिणी होतात. शाहिरांच्या शृंगारिक लावण्या बहुतेक बाईच्या तोंडच्या. लिहिणारा पुरुष, पुष्कळदा नाचणाराही साडी नेसलेला पोरगा, ऐकणारे सगळे फेटेवाले. आणि मग बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस या गृहस्थांनी १९०५ मध्ये शकुंतला म्हणून किर्लोस्कर मंडळींच्या रंगभूमीवर पाऊल ठेवलं आणि पुढची दोन-अडीच तपं महाराष्ट्रातल्या घरंदाज बायकांनी साडी कशी नेसावी, गजरा कसा माळावा, हे त्यांच्याकडे पाहून ठरवलं. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. त्या प्रयोगाच्या तिकिटांच्या भावाच्या कथा अजून सांगितल्या जातात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच येतं. रंगमंचावर दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात पडताहेत, प्रेक्षागृहात बायकामुलांसह अख्खी मुंबई बसलीय, आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसत नाही.

दिसत नाही, कारण एक अट पाळलेली आहे. नाटक संपलं की रंग पुसायचा. गौळणीचा अभंग संपला की तुकोबा पुन्हा आवलीचे नवरे. सोंग मान्य आहे, सोंगाच्या आत काही खरं असता कामा नये. आणि दुसरी एक अट, जी कुणी बोलून दाखवत नाही: हे सोंग पुरुषानं बाईचं घ्यायचं. बाईनं पुरुषाचं घेतलं तर काय होतं, ते तेंडुलकरांनी दाखवलं.

'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, उभी केली. ज्यांनी नाटक पाहिलं वा वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ चाळिशीच्या दशकातला, कॉलेजचा. मित्रा ही बेधडक मुलगी. आपल्याला पुरुषांविषयी काही वाटत नाही हे तिला लग्न ठरायच्या वेळी कळतं, आणि त्या धक्क्यानं ती जीव द्यायला निघते. वाचते. पुढं कॉलेजच्या नाटकात तिला पुरुषाची भूमिका मिळते, समोर नायिका म्हणून नमा. नाटक संपतं, रंग पुसला जातो, पण मित्राचं प्रेम पुसलं जात नाही. नमाचा दळवी नावाचा एक मित्र आहे, त्याच्या हाती पत्रं लागतात, तो त्यांचा वापर करतो. नमा कधी इकडे, कधी तिकडे. मित्राचा एकुलता एक आधार म्हणजे बापू, हा भिडस्त, चांगला मुलगा. त्यालाही शेवटी तिचं ओझं होतं. मित्रा एकटी पडते, आणि या खेपेला ती वाचत नाही.

नाटक मोठं आहे, यात वाद नाही. त्या काळी मराठीत हा विषय इतक्या सरळपणे आणि इतक्या कणवेनं कुणी मांडला नव्हता. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोघींचा प्रसंग आला, पण तो प्रसंगच. सुलभा महाजनच्या गोष्टीतला एक अडथळा. मित्रा मात्र नाटकाच्या मधोमध उभी आहे. तरी एक गोष्ट मला पहिल्या वाचनापासून खटकत आलीय. नाव 'मित्राची गोष्ट', पण गोष्ट सांगतो बापू. मित्रा काय म्हणाली, कशी दिसली, कशी पिऊ लागली, हे सगळं बापूच्या डोळ्यांनी. आणि नमा? जिच्यापायी हे सगळं घडलं, तिला काय वाटत होतं हे आपल्याला अखेरपर्यंत कळत नाही. दोन बायकांची गोष्ट, आणि ती दोघींपैकी एकीनंही सांगितलेली नाही.

या ठिकाणी मला पुतणीची वही मध्ये आणावी लागते.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या जावेची मुलगी. वय एकोणीस, कॉलेज भाईंदरच्या दोन स्टेशनं पलीकडे. तिच्या दप्तरात जाऊबाईंना एक दोनशे पानी वही सापडली आणि ती घेऊन त्या दुपारच्या माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. "ताई, हे वाचा. मला काही सुधरत नाही." मी वाचलं. होम्स आणि वॉटसन! आर्थर कॉनन डॉयलची ती अजरामर जोडगोळी, भाईंदर पश्चिमेला भाड्याच्या खोलीत राहत होती. वॉटसनचा स्टेशनजवळ दवाखाना, होम्स बेकार. मिठागरातून मिठाच्या गोणी नाहीशा होताहेत, त्याचा तपास. तपास यथातथाच होता. गुन्हेगार मला सातव्या पानावर कळला. पण बाकीची पानं कशानं भरली होती म्हणता? चहा कुणी करायचा, यानं. दोघंही दमून आलेत, दोघंही तेवढेच हुशार, तेवढेच हट्टी, आणि दोघांपैकी एकाचाही स्वयंपाकघराशी जन्मजात करार झालेला नाही. तीन पानं भांडण. मग एक जण उठतो, दूध नासलेलं निघतं, दोघं हसत सुटतात, आणि तिथं वॉटसन होम्सचा हात धरतो. बस, एवढंच. यापलीकडे आईनं घाबरावं असं त्या वहीत काही नव्हतं.

"पण दोघं पुरुष आहेत ना हो?" जाऊबाई म्हणाल्या.

दोघं पुरुष आहेत, हे खरंच. आणि हा प्रश्न मुर्ध्यातल्या एका आईलाच पडला असं नाही. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात 'स्टार ट्रेक' नावाची अंतराळयानाची मालिका लागायची. कप्तान कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक ही त्यातली जोडी. १९६७ पासून या मालिकेच्या चाहत्यांनी घरगुती मासिकं काढायला सुरुवात केली. घरीच छापायची, टपालानं एकमेकांना पाठवायची. काढणाऱ्या आणि लिहिणाऱ्या मुख्यतः बायका. १९७४ मध्ये अशाच एका मासिकात दोन पुरुषांची प्रेमकथा आली. त्यात नावं घेतलेली नव्हती, पण कर्क आणि स्पॉक वाचकांनी बरोबर ओळखले. पुढं अशा कथांचा पूर आला. दोन नावांमध्ये तिरपी रेघ मारून जोडी दाखवायची रीत पडली, आणि त्या रेघेवरूनच या कथांना 'स्लॅश' हे नाव मिळालं. साधारण त्याच वर्षांत तिकडे जपानात मोतो हागिओ, केइको ताकेमिया या तरुण चित्रकथाकार मुलींच्या मासिकांसाठी मुलामुलांच्या प्रेमाच्या कथा रचत होत्या. एकमेकींना न ओळखणाऱ्या, दोन टोकांच्या देशांतल्या बायका एकाच सुमाराला हेच का लिहायला लागल्या?

विज्ञानकथा लिहिणारी अमेरिकन लेखिका जोॲना रस हिनं १९८५ साली यावर एक निबंध लिहिला. तिचं म्हणणं थोडक्यात असं की, वाचकबाईला हवं असतं बरोबरीचं प्रेम. स्त्री-पुरुषाची गोष्ट लिहायला घ्यावी तर पहिल्या ओळीलाच कोण वर, कोण खाली, कोण वाट पाहणार, कोण घर सोडून येणार हे ठरलेलं असतं. दोन पुरुष घेतले की ते ठरलेलं नाहीसं होतं. दोघांनाही काम आहे, दोघांनाही शौर्य आहे, कुणालाही कुणासाठी स्वतःला पुसावं लागत नाही. रसबाईंनी पुतणीची वही वाचली नव्हती, पण चहाची तीन पानं त्यांनी बरोबर ओळखली असती. जात्यावरच्या बाईनं देवाला दळायला बसवलं, त्याहून हे काय वेगळं आहे?

अर्थात कारण एवढं एकच नाही. पडद्यावर आणि पुस्तकांत दोन चांगले, भरलेले पुरुष सहज सापडतात. दोन तशा बाया शोधाव्या लागतात. होम्सच्या कथांत आयरीन ॲडलर येते ती एका कथेपुरती. लिहिणाऱ्यांतल्या काही मुली स्वतः कुठल्या कप्प्यात बसतात याचाच शोध घेत असतात, आणि आपल्याविषयी लिहिण्यापेक्षा वॉटसनविषयी लिहिणं सोपं जातं. मात्र एक आक्षेपही आहे, आणि तो मला रास्त वाटतो. ज्या पुरुषांचं हे खरं आयुष्य आहे त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं असं की, या गोष्टींत आम्ही नाहीच. आमच्या नावानं बायकांनी आपलीच स्वप्नं लिहिलीत. भाड्याची खोली शोधताना दोन पुरुषांना घरमालक काय विचारतो, सोसायटीत काय कुजबुज होते, आईला काय सांगायचं, यातलं त्या गुलाबी गोष्टींत काही नसतं. पुतणीच्या वहीतही घरमालक नव्हता.

ही हौस आता चोरीछुपी राहिलेली नाही. अशा कथांचं जे मोठं जागतिक भांडार चाहत्यांनीच उभं केलंय, त्याला २०१९ मध्ये विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्या भांडारातही पुरुष-पुरुष जोडीच्या कथांचा ढीग सगळ्यांत मोठा. दोन बायकांच्या कथा त्या मानानं फारच थोड्या. बायकांनी लिहिलेल्या, बायकांनी वाचायच्या गोष्टींतही बायका कमीच.

पुतणीला मी हेच विचारलं. वही चोरून वाचली म्हणून ती दोन दिवस बोलत नव्हती. मग आली. मी म्हटलं, "गोष्ट चांगली आहे गं. पण एक सांग, यात बाई कुठाय?"

"काकू, बाई आणली की ती शेवटी मरते तरी, नाहीतर लग्न करते तरी," ती म्हणाली.

मी कपाटातून 'मित्राची गोष्ट' काढून तिच्या हातात दिलं. दिल्यावर वाटलं, हिचं म्हणणं खोडायला मी पुस्तक दिलं ते नेमकं हिचंच म्हणणं खरं करणारं.

बाई का मरते, याचं उत्तर केवळ लेखकाच्या लेखणीत नसतं. दीपा मेहतांचा 'फायर' १९९८ मध्ये लागला. एका घरातल्या दोन जावांची गोष्ट, शबाना आझमी आणि नंदिता दास. त्या डिसेंबरात आमच्याच पश्चिम रेल्वेच्या मार्गावर, गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसेनेच्या महिला आघाडीनं काचा फोडून खेळ बंद पाडला. रागाचं एक कारण नायिकांची नावं होती, राधा आणि सीता. म्हणजे भांडण पुन्हा तेच: सीता कुणाची? वाल्मीकीची, जात्यावरच्या बाईची, की मेहतांची? कायद्याचं पाहिलं तर कलम ३७७ खाली असे संबंध गुन्हा ठरत होते. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सज्ञानांना त्यातून सोडवलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये ते फिरवलं आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी अखेर पुन्हा सोडवलं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात नाकारला गेला. गुन्हा नाही, पण नातंही नाही. अशा अंधुक जागेत आज मित्रा असती.

मराठीत मधल्या काळात काहीच झालं नाही असंही नाही. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही छोटी कादंबरी २००६ मध्ये आली. घरात राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघंही जीव लावतात. पहिला भाग भाऊ सांगतो, दुसरा बहीण. ज्याचं दुःख त्याचाच आवाज. 'मित्राची गोष्ट'नंतर पंचवीस वर्षांनी बापूला मधून बाजूला केलं गेलं. रवी जाधव या दिग्दर्शकाचं उदाहरण तर बोलकं आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' त्यांनीच केला, त्यात पैलवान गुणा नाच्या होतो. 'बालगंधर्व'ही त्यांचाच. हे दोन्ही सिनेमे घराघरांतल्या मंडळींनी डोक्यावर घेतले. तेंडुलकरांच्या 'मित्र' कथेवरचा 'मित्रा' त्यांनी केला तो लघुपट म्हणून. त्याला २०१४ सालासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण 'नटरंग' पाहिलेली किती माणसं मला भेटतात आणि 'मित्रा' पाहिलेली किती, हे मी बोटांवर मोजू शकते. साडी नेसलेला पुरुष आपण पोटात घेतो. साडी नेसलेली, साडी नेसलेलीवर जीव लावणारी बाई अजून घशाशी अडते.

जाऊबाई मध्यंतरी पुन्हा आल्या. या वेळी वही नव्हती, नुसता प्रश्न होता. भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ताई, ती तसली तर नाही ना?"

मी म्हटलं, होम्स-वॉटसनविषयी लिहिणाऱ्या हजारो मुली जगात आहेत, त्यांतल्या कित्येकींची लग्नं होऊन पोरं शाळेत जातात. लिहिण्यावरून काही ठरत नाही. एवढ्यावर थांबले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. पण ते अर्धं उत्तर झालं असतं. म्हणून विचारलं, "आणि असली तर?"

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. गवारीच्या शिरा काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या नाटकातल्या मुलीला आई नव्हती का हो?"

या प्रश्नावर समीक्षकांनी काय लिहिलंय मला ठाऊक नाही, पण मला तो फार मोलाचा वाटला. मित्राभोवती बापू आहे, पांडे आहे, दळवी आहे, नमा आहे. रात्री उशिरा आलेल्या मित्राला जेवण गरम करून देणारं, किंवा तोंडावर दार लावणारं घरचं कुणी त्या गोष्टीत जवळजवळ नाहीच. जाऊबाईंनी आपली जागा शोधली आणि ती त्यांना रिकामी सापडली. त्या संध्याकाळी पुस्तक त्यांच्या घरी गेलं, ते अजून परत आलेलं नाही.

पुतणीनं दुसरी वही केली आहे. होम्स आणि वॉटसन मिठाच्या गोणींसकट बाजूला पडलेत. या वहीत मित्रा आहे. तिनं तेंडुलकरांचं काहीही खोडलेलं नाही. पत्रं तशीच, दळवी तसाच, बापूची पाठ फिरवणंही तसंच. फक्त शेवटच्या रात्री कुणीतरी दार वाजवतं, तिथून ही नरोटी सुरू होते. दार वाजवणारी नमा आहे, आणि गोष्ट ती सांगते. पहिली वीस पानं झपाट्यानं झाली. आमच्या ओटीवर तिनं ती वाचून दाखवली. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या, डोळे मिटलेले. मला वाटलं झोपल्या. वाचन थांबलं तसं डोळे न उघडता म्हणाल्या, "मंग? फुरं काय झाला?"

पुढं लिहून झालेलं नाही. नमा दारात उभी आहे, मित्रानं दार उघडलंय, आणि पहिलं वाक्य कुणी बोलायचं इथं पुतणी तीन आठवडे अडकली आहे. नमाला क्षमा मागायला लावली तर ती खोटी वाटते, म्हणते. मित्रानं हात धरला तर ते फार लवकर होतं. आणि पत्रं दळवीच्या हाती गेली कशी, हे नमानं सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, असं तिचं ठाम मत आहे. परवा तिनं येऊन विचारलं, "काकू, त्या काळी असं पत्र लिहिताना सुरुवात काय करत असतील? प्रिय म्हणत असतील का?" मी म्हटलं, मैत्रिणी तर सर्रास म्हणायच्या. प्रिय, सप्रेम नमस्कार, तुझीच. कुणी वाचलं तरी चालायचं.

"मग बरं," ती म्हणाली, आणि वही घेऊन गेली.